ख्रिस्तपुराणाची प्रस्तावना

फादर थॉमस स्टीफन्स यांचे नाव निघाले की आपल्या समाजात एक गोष्ट हटकून सांगितली जाते. इंग्लंडात जन्मलेल्या या येशूसंघीय धर्मगुरूने मराठीला फुलांतल्या मोगऱ्याची, सुगंधांतल्या कस्तुरीची, पक्ष्यांतल्या मोराची उपमा दिली. मराठी दिन असो, शाळेचे स्नेहसंमेलन असो की एखाद्या पुस्तकाचे प्रकाशन असो, या ओव्या म्हटल्या जातात, टाळ्या पडतात आणि ख्रिस्तपुराण पुन्हा कपाटात जाऊन बसते. १०,९६२ ओव्यांच्या या ग्रंथातील मोजून पाच-सहा ओव्या आमच्या तोंडी आहेत. आमच्या मते या स्तुतीने ग्रंथाचे जितके भले केले तितकेच नुकसानही केले. परक्याने आपल्या भाषेची वाखाणणी केली या समाधानात आपण राहिलो. त्या परक्याने त्या भाषेत प्रत्यक्ष केले काय, हे विचारावयाचे राहून गेले.

ते जाणून घ्यावयाचे तर या पुराणाला जोडलेली छोटी गद्य प्रस्तावना वाचली पाहिजे. ती गद्य असल्यामुळे कोणी पाठ करीत नाही आणि म्हणून तिची आठवणही कोणास होत नाही. त्या प्रस्तावनेत स्टीफन्स मराठीची निवड का केली हे सांगतात. परमेश्वराच्या गोष्टी सांगावयास या देशीच्या भाषांत हीच योग्य वाटली, एवढे म्हणून ते पुढे जातात. आणि पुढचा भाग आम्हांस मोगऱ्याच्या ओवीपेक्षा अधिक मोलाचा वाटतो. शुद्ध मराठी मध्यम लोकांना कळत नाही, असे ते स्वच्छ कबूल करतात. म्हणून या पुराणाचे फळ पुष्कळ जणांना मिळावे यासाठी आपण काय केले, त्याचा हिशेब ते देतात. मागल्या कवींचे बहुतेक अवघड शब्द टाकून दिले. आपल्या काळच्या कवींची रीत धरली. आणि ठिकठिकाणी ब्राह्मणांच्या बोलीतले, म्हणजे आपण आज जिला कोंकणी म्हणतो तिच्यातले, सोपे शब्द मिसळून कवित्व सोपे केले.

सोपे लिहावे असा उपदेश करणारे लेखक उदंड आहेत. आपण कोणासाठी, कोणते शब्द, कशाच्या बदल्यात गाळले हे ग्रंथाच्या आरंभी सांगणारा लेखक विरळा. स्टीफन्स १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्यास पोहोचले; ख्रिस्तपुराण छापले गेले १६१६ साली राशोल येथे. मधल्या ३७ वर्षांतला बहुतेक काळ या माणसाने गोव्याच्या साष्टीत काढला. (ठाणे-मुंबईकडची आपली साष्टी ती ही नव्हे, हे वसईकर वाचकांसाठी सांगून ठेवतो.) त्यांना अवघड मराठी येत नव्हती म्हणून त्यांनी सोपी लिहिली असे म्हणण्यास जागा नाही. ज्याने कोंकणीचे व्याकरण रचले, जे त्याच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये छापून निघाले आणि भारतीय भाषेचे पहिले मुद्रित व्याकरण म्हणून आज ओळखले जाते, त्याला शब्दांची जातकुळी ठाऊक होती. १५८३ मध्ये आपल्या भावास लिहिलेल्या पत्रात इथल्या भाषांची घडण ग्रीक व लॅटिनसारखी आहे, हे त्यांनी नोंदवले आहे. युरोपातील पंडितांनी ही गोष्ट शास्त्राच्या पातळीवर नेण्याच्या दोनशे वर्षे आधीचे हे निरीक्षण. अशा कानाच्या माणसाला जुने, भारदस्त, ज्ञानेश्वरकालीन वळण उचलता आले असते, आणि त्यात प्रतिष्ठाही होती. पुराण लिहिणाऱ्या कवीची विद्वत्ता लोक त्याच्या जड शब्दांवरून मोजतात. स्टीफन्सनी ती प्रतिष्ठा खर्ची घातली आणि तिच्या मोबदल्यात श्रोता मिळवला.

श्रोता हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरीत आहोत. गोव्यात त्या काळी देवनागरीचे खिळे नव्हते. स्थानिक लिपीत छपाई व्हावी अशी स्टीफन्सची फार इच्छा होती. १६०८ मध्ये रोमला पाठवलेल्या पत्रात त्यांनी तशी विनंतीही केली होती. आपल्या जोडाक्षरांना लागणाऱ्या साच्यांची संख्या पाहता ते काम सोपे नव्हते आणि ते झालेही नाही. परिणामी हे मराठी पुराण रोमन लिपीत, पोर्तुगीज उच्चारपद्धतीने छापले गेले. विचार करण्यासारखी परिस्थिती आहे: ज्यांना मराठी समजत होती त्यांतल्या बहुतेकांना ती लिपी वाचता येत नव्हती. तेव्हा हे पुस्तक प्रत्यक्षात कानांनीच वाचले जावयाचे होते. एकाने वाचावे आणि मंदिरात, घरात बाकीच्यांनी ऐकावे. डोळ्यांसाठी लिहिलेले वाक्य आणि कानांसाठी लिहिलेले वाक्य यांत मोठे अंतर असते. डोळा मागे वळून पाहू शकतो. कानाला ती सोय नाही. ऐकणाऱ्याचा कर्ता हरवला की वाक्य संपेपर्यंत तो सापडत नाही आणि तोवर पुढचे वाक्य सुरू झालेले असते.

ओवी इथे कामाला आली. साडेतीन चरणांची ही रचना. पहिल्या तीन चरणांना यमक, चौथा आखूड. अक्षरांचे वा मात्रांचे कडक बंधन नाही, म्हणून बोलण्याचा ओघ तिच्यात मोडत नाही. आणि दर तीन चरणांनंतर येणारा तो तोकडा चरण ऐकणाऱ्याला श्वास घेऊ देतो. स्टीफन्सची ओवी सहसा आपला अर्थ आपल्यातच पुरा करते. एका ओवीत एक घटना, एक उपमा किंवा एक प्रश्न. एकनाथांचे देहावसान १५९९ मधले, म्हणजे स्टीफन्स आणि एकनाथ हे काही काळाचे समकालीन. ‘आपल्या काळच्या कवींची रीत’ असे ते प्रस्तावनेत म्हणतात तेव्हा मराठी कवितेतील हेच सुबोधतेचे वळण त्यांच्यासमोर असावे, असे आम्हांस वाटते.

आता दुसरा मुद्दा, मन वळविण्याचा. पहिल्या पुराणाच्या आरंभीच एक प्रसंग आहे. पाद्री मंदिरात मुलांना धर्मशिक्षण देत आहेत. एक ब्राह्मण, नुकताच ख्रिस्ती झालेला, पुढे येऊन बोलतो. धर्मशिक्षण ठीक आहे, पण आमची पूर्वीची पुराणे तुम्ही बंद केलीत. त्यांच्या जागी आम्हांस दुसरे पुराण का देत नाही, असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे. वरवर ही विनंती आहे. पण जरा कान देऊन ऐकले तर तिच्यात तक्रार ऐकू येते. तुम्ही आमच्याकडून काही काढून घेतलेत, ही ती तक्रार. हा प्रसंग घडला असो वा रचलेला असो, ग्रंथकाराने तो वगळला नाही, उलट तोच ग्रंथाचा उंबरठा केला. संपूर्ण पुराण हे त्या मनुष्याला दिलेले उत्तर आहे. पुढेही श्रोते मधूनमधून शंका काढतात आणि पाद्रींना थांबून उत्तर द्यावे लागते. कोणत्याही उपदेशपर लेखनाची खरी परीक्षा आम्ही इथे मानतो: समोरच्याचा आक्षेप लेखकाने त्याच्याच तोंडून, त्याचे म्हणणे पांगळे न करता मांडला आहे काय?

याच्या शेजारी दुसरा ग्रंथ ठेवून पाहावा. फ्रेंच येशूसंघीय एतिएन द ला क्रुआ यांचे, आपल्याकडे पीटर पुराण म्हणून ओळखले जाणारे ओवीबद्ध काव्य १६२९ मध्ये गोव्यात छापले जाऊ लागले. संत पेत्राचे चरित्र हा त्याचा विषय. पण ग्रंथाचे पोर्तुगीज शीर्षकच सांगते की पूर्वेकडील मूर्तिपूजकांच्या प्रमुख चुकांचे खंडन त्यात केले आहे. तीच लिपी, तोच छंद, जवळपास तेच श्रोते आणि अवघ्या तेरा वर्षांचे अंतर. तरी हा ग्रंथ अभ्यासकांच्या कोनाड्यात राहिला आणि स्टीफन्सचे पुराण घराघरांत गेले. स्टीफन्सच्या ग्रंथातही खंडन आहे, जुन्या दैवतांविषयी कठोर शब्द आहेत, आणि आज ते वाचताना आपल्याला संकोच होतो. ते झाकण्यात अर्थ नाही. परंतु स्टीफन्सचे बळ त्या ठिकाणी नाही. ते कथा सांगतात तेव्हा, स्वर्गासाठी वैकुंठ हा शब्द सहज वापरतात तेव्हा, ऐकणाऱ्याच्या मनातील आधीच्या घराचे दार लावून न घेता त्याच घरात दिवा नेतात तेव्हा ते जिंकतात.

इथे एक प्रश्न आमच्या काही वाचकांच्या मनात येईल, आणि तो यावयास हवा. ज्या साष्टीत १५६७ मध्ये देवळे पाडली गेली, जिथे १५८३ च्या २५ जुलैस कुंकळ्ळी येथे पाच येशूसंघीय मारले गेले आणि त्यानंतर गावच्या प्रमुखांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून ठार करण्यात आले, तिथे मन वळविण्याच्या कलेविषयी बोलणे कितपत प्रामाणिक? ज्याच्यामागे सत्ता उभी आहे त्याला वक्तृत्वाची गरज काय? प्रश्न बिनतोड आहे, आणि ख्रिस्तपुराण या हिंसेबाहेरच्या कुठल्या निर्मळ जागी लिहिले गेले असे आम्ही म्हणणार नाही. त्या ब्राह्मणाची जुनी पुराणे त्याने आपखुशीने सोडली होती असे प्रसंगातूनही दिसत नाही. मात्र एक गोष्ट विचारात घ्यावी. भीती माणसाला मंदिराच्या दारापर्यंत आणू शकते. त्याला रविवारमागून रविवार कान देऊन ऐकावयास लावू शकत नाही. १६४९ आणि १६५४ मध्ये या पुराणाच्या पुढच्या आवृत्त्या निघाल्या आणि नंतर अडीचशे वर्षे ते छापले गेले नाही. १६८४ मध्ये तर पोर्तुगीज सरकारने लोकांच्या बोलीवरच बंदी घातली आणि पोर्तुगीज शिकण्यास तीन वर्षांची मुदत दिली. या सगळ्या काळात ख्रिस्तपुराण हातांनी उतरून घेतले जात होते. अशा हस्तलिखितांवरूनच जे. एल. सालढाना यांनी १९०७ मध्ये मंगळूरला त्याची नवी आवृत्ती काढली. आणि त्यांच्याकडे ती हस्तलिखिते आली ती गोव्याहून दक्षिणेकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांच्या वंशजांकडून. जवळजवळ अकरा हजार ओव्या भीतीपोटी कोणी उतरून काढीत नाही. त्या श्रमात त्या ग्रंथाच्या मन वळविण्याच्या शक्तीचा आम्हांस मिळणारा सर्वांत भरवशाचा पुरावा आहे.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. वर्णनाच्या भरात कवी पुष्कळदा लांबण लावतो. नामावळी सुरू झाली की संपता संपत नाही. पुराणाच्या श्रोत्याला हे रुचत असेल, आम्हांला ती पाने चाळावीशी वाटतात. दुसरी अडचण परिभाषेची आहे. कथा सांगताना इतक्या निःसंकोचपणे देशी शब्द वापरणारा हा लेखक बाप्तिस्मा, पवित्र आत्मा, ख्रिस्तमंदिर असे विषय आले की छापील परंपरेत पोर्तुगीज शब्द जसेच्या तसे ठेवतो. लंडनच्या मार्सडेन संग्रहात देवनागरीतले एक हस्तलिखित आहे. जस्टिन ॲबट यांनी १९२० नंतरच्या दशकात त्याकडे लक्ष वेधले. त्यात यांतल्या पुष्कळ जागी संस्कृत वळणाचे शब्द आढळतात. ते मूळच्या जवळचे की कोणी मागाहून केलेले संस्करण, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. आम्हांस त्या वादापेक्षा त्यातून दिसणारा पेच महत्त्वाचा वाटतो. पोर्तुगीज शब्द ऐकणाऱ्याला परका, संस्कृत शब्द त्याच ऐकणाऱ्याला उंच. सोपा शब्द मिळालाच नाही. धर्मशास्त्राच्या गाभ्याशी गेल्यावर स्टीफन्सचीही प्रस्तावनेतील प्रतिज्ञा थोडी डळमळते.

आणि हाच पेच आजही आपल्या धर्मग्रामांत उभा आहे. १९६३ च्या डिसेंबरात व्हॅटिकन परिषदेने उपासनेत लोकभाषेला वाट करून दिली. लॅटिन गेली, मराठी आली. पण कोणती मराठी? प्रार्थनेतले, परिपत्रकातले, वार्षिक अंकातले, प्रवचनातले वाक्य आपण ऐकतो आणि ते मराठी आहे एवढेच कळते. ‘प्रभूच्या पुनरुत्थानाच्या आनंदात सहभागी होण्याच्या दृष्टिकोनातून सर्व श्रद्धावंतांनी आपल्या बहुसंख्य उपस्थितीद्वारे सोहळ्याची शोभा वृद्धिंगत करावी, असे आवाहन करण्यात येत आहे’, या धर्तीची सूचना कोणत्या गावात वाचली जात नाही? (हे वाक्य आम्ही रचले आहे, ते ओळखीचे वाटले तर त्याला आमचा इलाज नाही.) यात अवघड शब्द फारसा एकही नाही. तरी मिस्सा किती वाजता, हे त्यातून कळत नाही. कोण बोलावतो आहे तेही कळत नाही, कारण आवाहन ‘करण्यात येत’ आहे. ‘प्रभू उठला आहे. रात्री साडेदहाला मिस्सा आहे. घरच्या म्हाताऱ्या माणसांना घेऊन या’, असे कोणी वाचून दाखवले तर सारे मंदिर मान वर करून पाहील.

यावर एक आक्षेप आम्ही नेहमी ऐकतो, आणि तो घेणारे लोक विचारी असतात म्हणून त्याची दखल घेणे भाग आहे. देवाची भाषा बाजाराच्या भाषेहून वेगळी असावी, तिच्यात भारदस्तपणा नसेल तर पावित्र्य उरत नाही, असे ते म्हणतात. भारदस्तपणाशी आमचे वैर नाही. मोगरा, कस्तुरी, मोर, कल्पवृक्ष ही काही बाजारातली भाषा नव्हे. अवघड शब्द गाळणाऱ्या त्याच लेखकाने ती लिहिली. त्याने गाळले ते शब्द, ज्यांच्यामागे ऐकणाऱ्याला काहीच दिसत नव्हते. ज्यांच्यामागे फूल दिसत होते, पक्षी दिसत होता, ते शब्द त्याने हात भरून घेतले. आमच्या ‘दृष्टिकोनातून’ आणि ‘माध्यमातून’ या शब्दांमागे काय दिसते? लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चे स्मरण इथे होते. शाळेचे शिक्षण न मिळालेल्या या बाईंनी मृत्यू, धर्मांतर, दारिद्र्य, प्रार्थना यांतले काहीही वर्ज्य मानले नाही आणि त्यासाठी घरातल्या भाषेपलीकडे जाण्याची त्यांना गरज पडली नाही. त्यांचे पुस्तक वाचून कोणाला पावित्र्य कमी पडल्याचे आम्ही ऐकलेले नाही.

वसईच्या संदर्भात हा प्रश्न आणखी टोकदार होतो. आमच्यापैकी कोणाच्या घरी कादोडी बोलली जाते, कोणाच्या घरी वाडवळी, कोणाच्या घरी कोळ्यांची बोली. आणि मंदिरात आम्ही पुस्तकी मराठीत हात जोडतो. स्टीफन्सनी ब्राह्मणांच्या बोलीतले शब्द मराठीत ‘ठिकठिकाणी’ मिसळले. सरसकट नव्हे, जिथे मराठी शब्द ऐकणाऱ्यापर्यंत पोहोचत नव्हता तिथे. हा ठिकठिकाणीचा विवेक आम्हांस फार मोलाचा वाटतो. सगळे प्रवचन बोलीत करावे असे आम्ही म्हणणार नाही. ते केले तर शेजारच्या गावाला कळणार नाही आणि थोडे नाटकीही होईल. पण शेताची, होडीची, विहिरीची, लग्नघराची गोष्ट सांगताना आजीच्या तोंडचा शब्द व्यासपीठावर यावयास बिचकतो, हे काही सुसंस्कृतपणाचे लक्षण नव्हे.

प्रयत्न झालेच नाहीत असे मात्र कोणी समजू नये. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी आपल्या भाषांतराला ‘सुबोध बायबल’ हे नाव दिले तेव्हा त्या पहिल्या शब्दात स्टीफन्सच्या प्रस्तावनेचीच प्रतिज्ञा होती. स्वतः ख्रिस्तपुराणही शांताराम बंडेलू यांनी १९५६ मध्ये देवनागरीत आणले, फादर कारिदाद द्रागो यांची आवृत्ती १९९६ मध्ये निघाली, आणि फादर नेल्सन फालकाव यांनी २००९ मध्ये त्याचे आजच्या मराठी गद्यात रूपांतर केले. या शेवटच्या उद्योगाविषयी कोणी कोणी नाराजीने बोलताना आम्ही ऐकले आहे: ओवीचे गद्य करणे म्हणजे फुलाचा अर्क काढणे. ओवीचा ताल गद्यात गेला, हे खरेच आहे. पण मागल्या कवींचे अवघड शब्द टाकून नव्या लोकांसाठी सोपे करावे, हे स्टीफन्सनी १६१६ मध्ये ज्ञानेश्वरकालीन मराठीविषयी म्हटले. तेव्हा ती मराठी सव्वातीनशे वर्षांची झाली होती. आता स्टीफन्सची मराठी चारशे वर्षांची झाली आहे. तेही मागले कवी झाले. ज्या कुटुंबात हे पुराण कधी उघडलेच गेले नाही, त्यांनी ओवी आणि गद्य समोरासमोर ठेवून उपवासकाळातल्या एखाद्या संध्याकाळी दोनच पाने मोठ्याने वाचावी. कोणी शंका काढली तर वाचणाऱ्याने थांबावे. पुराणातले पाद्रीही थांबतात.